आंबट पदार्थाच्या पिंपाला तोटी कोणती लावावी?

"घरात वीस लिटरचं स्टीलचं पिंप आहे. त्याला खाली एक चांगला कॉक बसवायचा आहे. परदेशी साईटवर तसा कॉक पाहिला, तर पिंपापेक्षा कॉकच महाग. आपल्या नळाच्या दुकानातला चालेल का?"

हा प्रश्न वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या कारणांनी विचारतात. कोणी घरी कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, किंवा गाजराची कांजी करतं. कोणी उन्हाळ्यात लिंबू सरबताचा आणि मोसंबीच्या रसाचा गाडा लावतं. कोणाचा भाऊ अमेरिकेत घरी बिअर बनवतो आणि सुट्टीत आला की इथून स्वस्तात फिटिंग नेऊ म्हणतो. पदार्थ निराळे असले तरी भांड्याची गरज एकच आहे: खालून द्रव काढता यावा, तो गळू नये, त्याची चव बिघडू नये आणि आतून सगळं धुता यावं.

दुकानात याच कामाचे म्हणून दहा तऱ्हांचे कॉक पुढे येतात आणि सगळ्यांत स्वस्त व सगळ्यांत महाग यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. तो फरक नेमका कशाचा आहे हे कळलं, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते ठरवता येतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: द्रव ज्या भागाला शिवतो त्या भागावर पैसे खर्च करा, बाकी सगळीकडे वाचवा.

१. आधी कायद्याचं

घरी बिअर बनवण्याचा छंद अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मोठा आहे. ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करमुक्त झाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन. त्या छंदातूनच या छोट्या कॉकांची आणि फिटिंगची वेगळी बाजारपेठ तिकडे उभी राहिली.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी दारू किंवा बिअर बनवणं हा इथे गुन्हा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा भागात बिअरचे मोठे कारखाने चालतात, ते परवान्यावर आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या देखरेखीखाली. त्यामुळे इथल्या वाचकाने हे प्रकरण सरबत, रस, कांजी, कोंबुचा, ताक आणि शिरका साठवण्याच्या भांड्यांसाठी वाचावं. जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या मराठी माणसाला बिअरच्या भांड्यासाठीही यातलं सगळं लागू पडेल. कॉकाला दोन्हीकडे एकच गोष्ट सोसायची असते, ती म्हणजे आंबटपणा.

२. आत काय जाणार आहे?

दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "किती इंची?" आपण मात्र आधी स्वतःला विचारायचं, यातून काय वाहणार आहे?

साधं पाणी जवळपास उदासीन असतं. शास्त्रज्ञ आंबटपणा सामू या मापाने मोजतात. ७ म्हणजे उदासीन. आकडा जसा खाली जातो तसा आंबटपणा वाढतो आणि प्रत्येक एका अंकाला तो दहापट होतो. ताक आणि बिअर साधारण ४ ते ४.५ च्या आसपास असतात. तयार कोंबुचा ३ च्या जवळ जातो. शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि लिंबाचा रस त्याहूनही खाली. म्हणजे लिंबाच्या रसात साध्या पाण्याच्या तुलनेत दहा हजार पटींहून अधिक आंबटपणा असतो. पाण्यासाठी बनवलेला कॉक हे सोसेलच असं नाही.

आपल्या आज्या हे जाणून होत्या. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा कढी ठेवली की ती कळकते, म्हणून आतून कल्हई लावून घ्यायची. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागराने आतला पृष्ठभाग साफ करायचा आणि २३२ अंशांना वितळणारं कथिल कापसाच्या बोळ्याने पातळ फिरवायचा. त्यामुळे आंबट पदार्थ आणि तांबं-जस्त यांच्यात एक पडदा उभा राहायचा. कल्हई उडालेल्या भांड्यात हिरवट निळं जंगाल दिसतं, ते तांब्याचे क्षार. पोटात गेले तर मळमळ आणि उलट्या होतात.

आता नळाच्या दुकानातला चकचकीत कॉक हातात घ्या. बाहेरची चमक क्रोमियमच्या मुलाम्याची असते. तो मुलामा दिसण्यासाठी आणि बाहेरचा गंज टाळण्यासाठी आहे. आत, जिथून द्रव जातो तिथे, बहुधा उघडं पितळ असतं. म्हणजे घरात पितळेचं पातेलं कल्हईशिवाय न वापरणारा माणूस कोंबुचा मात्र बिनकल्हईच्या पितळातून काढून पिणार.

पितळाची दुसरी अडचण तांब्याहून गंभीर आहे. लेथवर आटे नीट कापले जावेत म्हणून पितळात थोडं शिसं मिसळतात, साधारण दोन-तीन टक्के. साध्या पाण्यात ते फारसं सुटत नाही, आंबट द्रवात सुटतं. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याला शिवणाऱ्या भागात शिशाचं सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्याच्या आत असेल तरच फिटिंगला 'शिसेमुक्त' म्हणता येतं. तिकडचे काही छंदी लोक पितळेचे भाग शिरका आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात काही मिनिटं बुडवून वरचं शिसं काढतात. त्याने फक्त पृष्ठभागावरचं शिसं जातं. रोज आंबट पदार्थ आत राहणार असेल, तर या उपायावर मी भरवसा ठेवणार नाही.

इथे बरेच दुकानदार मनापासून सल्ला देतात, "पितळ नको तर गनमेटल घ्या, आयुष्यभर बघायला नको." पाण्यासाठी तो सल्ला उत्तम आहे. गच्चीवरच्या टाकीला गनमेटलचा कॉक खरंच वर्षानुवर्षं टिकतो. पण आपल्याकडे कॉकांसाठी सर्रास वापरलं जाणारं गनमेटल म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथिल, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. आंबट पदार्थासाठी ते पितळाहूनही अयोग्य ठरतं. महाग आहे म्हणून योग्य असेल, हा समज इथे थेट तब्येतीवर बेततो.

जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेलं लोखंड, तर विचारातही घेऊ नका. आंबट द्रव जस्त झपाट्याने विरघळवतो. लिंबू सरबत जीआयच्या बादलीत किंवा फिटिंगमधून देणं म्हणजे पिणाऱ्याला जस्ताचे क्षार पाजणं.

उरलं स्टील. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तरी हवेच्या संपर्काने पुन्हा भरून निघतो. म्हणजे ही आपोआप भरून निघणारी कल्हईच आहे. ३०४ या जातीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने ते मिठालाही चांगलं तोंड देतं. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून त्याजागी मँगेनीज घालतात. दिसायला हुबेहूब, पण आंबट आणि खारट पदार्थात लवकर डागाळतं. सरबत, कोंबुचा आणि ताकासाठी ३०४ पुरेसं आहे. कांजीत मीठ असतं आणि ती दिवसेंदिवस भांड्यात राहते, म्हणून तिथे शक्य असेल तर ३१६ घ्या.

दुकानात चुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं दाखवतात. ही परीक्षा अपुरी आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही तसं २०२ लाही चिकटत नाही. उलट थंड अवस्थेत वाकवलेलं, दाबलेलं अस्सल ३०४ थोडंसं ओढलंही जातं. चुंबक फक्त ४०० च्या मालिकेतलं स्टील ओळखून देतं. ३०४ आणि २०२ यांतला फरक ओळखायला स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे रसायनाचे थेंब असतात. त्यांनी २०२ वर रंग बदलतो. कॉकाच्या बाबतीत सोपा मार्ग आहे. ओतीव स्टीलच्या कॉकाच्या अंगावर अक्षरं उठवलेली असतात. सीएफ-८ म्हणजे ओतीव रूपातलं ३०४, सीएफ-८-एम म्हणजे ओतीव ३१६. अंगावर काहीच नसलेला कॉक मी खाण्यापिण्याच्या भांड्याला लावणार नाही.

प्लास्टिकला नाव ठेवायचं कारण नाही. थंड आणि आंबट पदार्थाला खाद्यपदार्थासाठीची म्हणून विकली जाणारी प्लास्टिकची तोटी धातूच्या सगळ्या काळज्यांतून सोडवते आणि सगळ्यांत स्वस्त पडते. मर्यादा उष्णतेची. पांढरं यूपीव्हीसी गरम द्रवाला नको. पिवळसर सीपीव्हीसी गरम पाण्याच्या नळासाठी ८२ अंशांपर्यंत चालतं, पण उकळत्या भांड्याला तेही नाही. चहाचा अर्क उकळून त्याच पिंपात निवू द्यायचा असेल, तर स्टीलच घ्या.

३. कॉकाच्या पोटात

बाहेरून सारखे दिसणारे कॉक आतून फार वेगळे असतात.

गेट व्हॉल्व्हमध्ये एक पाचर फिरकीने खाली उतरते आणि वाट अडवते. तिच्या खाचेत गाळ बसतो, मग तो पुरता बंद होत नाही. गर असलेल्या रसाला तो अजिबात नको. घरातल्या बिब कॉकमध्ये रबराचा वॉशर बैठकीवर दाबला जातो आणि द्रवाची वाट आत दोनदा वळते. मोसंबीच्या रसातले तंतू तिथेच अडकतात.

आपल्या कामाचा आहे बॉल व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात माळेतल्या मण्यासारखा, आरपार भोक असलेला स्टीलचा गोळा असतो. दांडा पाइपाच्या रेषेत असला की भोक समोर येतं आणि द्रव सरळ वाहतो. दांडा पाव फेरा फिरवला की भरीव बाजू समोर येते. गोळा दोन्ही बाजूंनी टेफ्लॉनच्या कड्यांवर टेकलेला असतो. टेफ्लॉन उकळत्या पाण्याला आरामात टिकतं आणि आंबटपणाचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

बॉल व्हॉल्व्ह घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, 'फुल बोअर' आहे का? स्वस्त कॉकात गोळ्याचं भोक पाइपापेक्षा लहान ठेवतात. अर्ध्या इंची कॉकात भोक १५ मिलिमीटरचं असायला हवं. समजा ते १० मिलिमीटरचंच आहे. व्यास दीडपटीने घटला, पण वाट क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि ते सव्वादोन पटींनी कमी झालं. पिंप रिकामं व्हायला तितकाच जास्त वेळ आणि गर अडकण्याची शक्यता वेगळी. कॉक डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघा. भोक आणि पाइपाची कड एकसारखी दिसली की फुल बोअर.

दुसरी गोष्ट, तो उघडून धुता येतो का? बॉल व्हॉल्व्ह बंद करताना गोळ्याच्या भोकात थोडा द्रव अडकतो. शिवाय गोळा आणि बाहेरचं अंग यांच्यामध्ये एक पोकळी असते, तिथेही तो झिरपतो. पाण्याला याने काही होत नाही. रसाचे चार थेंब तिथे आठवडाभर राहिले की बुरशी आणि जिवाणूंची वस्ती होते आणि पुढचा घाणा त्यातूनच बाहेर येतो. वाया गेलेल्या कित्येक पिंपांमागे हेच कारण असतं, आणि दोष मात्र कृतीला दिला जातो.

वन-पीस कॉक उघडत नाही. टू-पीस उघडतो, पण पुन्हा नीट बसवणं कष्टाचं. थ्री-पीस कॉकाचे चार बोल्ट सोडले की मधला तुकडा सरकून हातात येतो, गोळा आणि कडी काढून धुता येतात आणि दोन्ही बाजूंची जोडणी जागची हलत नाही. तो महाग असतो. आंबवण्याच्या भांड्याला तोच घ्या, इथे पैसे वाचवू नका. रोज संध्याकाळी रिकामं होणाऱ्या सरबताच्या पिंपाला टू-पीस चालून जाईल.

४. अर्धा इंच मोजला तर २१ मिलिमीटर का भरतो?

मोजपट्टी घेऊन पिंपाला भोक पाडायला निघालेला माणूस इथे हमखास अडखळतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आपल्या फॅब्रिकेटरच्या भाषेत ४ सूत. पण अर्ध्या इंची निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, तो जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो.

हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलं. बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीमुळे मोठा असायचा आणि आटे बाहेरून कापायचे. पुढे पाइपाच्या भिंती पातळ झाल्या, पण आट्यांची मापं तीच राहिली, कारण जगभरची फिटिंग त्यांना जुळवलेली होती. म्हणून अर्धा इंची म्हणजे २१ मिलिमीटर आणि पाऊण इंची म्हणजे साडेसव्वीस मिलिमीटर हे पाठ करून ठेवा. पिंपाच्या भोकात बसणाऱ्या अर्ध्या इंची टँक निपलला भोक २१ ते साडेएकवीस मिलिमीटरचं हवं. १२ मिलिमीटरचं पाडलं तर वाढवता तरी येतं. २५ चं पाडलं तर पिंप गेलं.

परदेशातून फिटिंग येणार किंवा तिकडे जाणार असेल, तर आणखी एक पेच आहे. भारतात ब्रिटिश पद्धतीचे आटे चालतात, त्यांना बीएसपी म्हणतात. अमेरिकेत एनपीटी. बीएसपीच्या आट्यांचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. अर्ध्या आणि पाऊण इंची मापात दोन्हींचे एका इंचात १४ च आटे असतात, त्यामुळे ते एकमेकांत दोन-तीन फेरे बेमालूम बसतात आणि माणूस फसतो. मग ते अडतात, जोर लावला तर आटे खराब होतात आणि टेप कितीही गुंडाळा, गळती राहते. एक इंची मापात इंचाला बीएसपीचे ११ आणि एनपीटीचे साडेअकरा आटे, तिथे तर बसणारच नाहीत. अमेरिकेतल्या भावासाठी संभाजीनगरातून कॉक नेताना सगळा संच इथलाच न्या, पिंपाच्या निपलपासून नळी चढवायच्या होज निपलपर्यंत. दोन देशांचे आटे एका सांध्यात आणू नका.

५. जोर किती सोसायचा?

कॉकावर '१००० डब्ल्यूओजी' असं मोठ्या अक्षरात असतं आणि त्या आकड्यासाठी लोक जादा पैसे देतात. हा आकडा म्हणजे साध्या तापमानाला १००० पीएसआय दाब, साधारण ६९ बार. आता आपला हिशेब करा. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ तळाशी सुमारे १ बार दाब देतो. आपल्या पिंपातला रस ६० सेंटिमीटर उंच, म्हणजे तळाच्या कॉकावर ०.०६ बार. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरच्या टाकीचाही तळमजल्यावर एक बारच्या आसपासच दाब येतो. उघड्या तोंडाच्या पिंपाला दाबाच्या आकड्यासाठी एक रुपयाही जादा देण्याचं कारण नाही.

अपवाद आहे तो बंद भांड्याचा. आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोंड घट्ट बंद केलं तर दाब वाढत जातो आणि भांडं फुटू शकतं. वायू निघायला वाट ठेवा. दाबाखाली पेय ठेवण्याचं भांडं घरच्या फिटिंगने बनवू नका.

६. संभाजीनगरात काय कुठे मिळतं?

या शहराला पाणी लांबून आणण्याची जुनी सवय आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली. शहरातल्या जुन्या पाणचक्कीलाही दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून आणलं गेलं. त्या कारागिरांनी वाहणाऱ्या पाण्याला साजेसा, कधी न गंजणारा पदार्थ निवडला होता. जायकवाडी धरणाचं पाणी वर्षानुवर्षं कित्येक दिवसांच्या अंतराने येत आलंय, घरोघरी टाक्या आहेत, त्यामुळे नळाच्या सामानाची दुकानं गल्लोगल्ली आहेत. पण त्यांचा माल पाण्यासाठीचा, म्हणजे पितळ, गनमेटल, सीपीव्हीसी. तिथून टेफ्लॉन टेप आणि थंड पेयासाठी प्लास्टिकची तोटी घ्या; स्टीलच्या कॉकासाठी दुसरीकडे जा.

शहराची खरी श्रीमंती औद्योगिक वसाहतींभोवती आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औषधांच्या, अन्नप्रक्रियेच्या आणि बिअरच्या कारखान्यांना स्टीलचं सामान रोज लागतं, म्हणून त्यांना माल पुरवणारी दुकानं आहेत. तिथे "एसएस ३०४, सीएफ-८, थ्री-पीस, फुल बोअर, अर्धा इंची, बीएसपी आटे" एवढं म्हणालात, की दुकानदार पुढचा प्रश्न विचारणार नाही. तिथे मिळालं नाही तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर नक्की मिळेल.

एक शब्द आवर्जून लक्षात ठेवा: डेअरी फिटिंग. परदेशात 'घरगुती बिअरचं सामान' या नावाखाली जे क्लॅम्पवाले जोड चढ्या भावाने विकले जातात, ते मुळात दुधाच्या धंद्यातले आहेत. दोन सपाट कडा, मध्ये एक रबरी कडं आणि बाहेरून एकच क्लॅम्प. आटेच नाहीत, म्हणून दूध अडकायला जागा नाही. आपल्याकडे त्याला टीसी क्लॅम्प म्हणतात. दूध संकलन केंद्रांना आणि डेअऱ्यांना यंत्रं पुरवणाऱ्यांकडे ते मागा. 'ब्रुइंग'चं सामान म्हणून मागितलं तर इथे कोणाला कळणार नाही आणि ऑनलाइन मागवलं तर महाग पडेल.

वसाहतींमुळे मिळणारी दुसरी सोय म्हणजे आर्गन वेल्डिंग करणारे कारागीर. साध्या वेल्डिंगने स्टील जळतं, काळं पडतं आणि त्या जागी पुढे गंजतं. आर्गन वायूच्या आच्छादनाखाली केलेला जोड स्वच्छ राहतो. पिंपाला भोक पाडून ३०४ चं अर्ध्या इंची सॉकेट आर्गनने जोडून घेतलं आणि आतून घासून गुळगुळीत केलं, तर वॉशरची गरजच उरत नाही. गळण्याची एक जागा कायमची गेली आणि धुण्याची एक अवघड फटही गेली. जाड पत्र्याच्या भांड्याला हेच करा. पातळ पत्र्याला वेल्डिंगने भोक पडण्याचा धोका असतो, तिथे टँक निपल बरं.

आता भंगाराबद्दल. बंद पडलेल्या किंवा यंत्रं बदललेल्या कारखान्यांतले स्टीलचे कॉक किलोच्या भावाने मिळतात. माल उत्तम, कधी कधी ३१६ चा. मोह होतो. पण तो कॉक कुठल्या रसायनाच्या लाइनवर होता हे भंगारवाल्यालाही माहीत नसतं, आणि टेफ्लॉनच्या कड्यांमागे काय साचलंय ते कोणी सांगू शकत नाही. गच्चीच्या टाकीला लावा, बागेला लावा. तोंडी जाणाऱ्या पदार्थाला जुना कॉक लावू नका, कितीही धुतलात तरी. बिल मात्र नव्या मालाचं जरूर घ्या. कॉकाची कडी सदोष निघाली तर बदलून मागायला दुसरा आधार नसतो.

खरेदीची यादी वीस लिटरच्या पिंपासाठी एवढीच होते: अर्ध्या इंची ३०४ चं टँक निपल, दोन सिलिकॉन वॉशर, अर्ध्या इंची थ्री-पीस बॉल व्हॉल्व्ह, एक होज निपल, खाद्यपदार्थासाठीची सिलिकॉन नळी हातभर आणि टेफ्लॉन टेपचं एक रीळ. साधा काळा रबरी वॉशर घेऊ नका. गरम, आंबट द्रवात त्याचा वास उतरतो.

७. बसवणं आणि धुणं

टँक निपलमध्ये गळती वॉशर थांबवतो, टेप नाही. एक वॉशर पिंपाच्या आतून, एक बाहेरून ठेवा. भोकाच्या कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर वॉशर कापला जातो. टेप लागतो तो कॉक निपलवर चढवताना. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे द्या, म्हणजे कॉक फिरवताना टेप उलगडत नाही. जुने प्लंबर ताग आणि सफेदा वापरत. पूर्वीच्या सफेद्यात शिसं असायचं, आपल्या भांड्याला तो नकोच. स्टीलच्या आट्यांत स्टीलचे आटे कोरडेच आवळले, तर ते एकमेकांना धरून बसतात आणि मग ना उघडतात ना बंद होतात. टेप तिथेही उपयोगी पडतो. पाना हलक्या हाताने चालवा.

पहिल्यांदा साधं पाणी भरून पिंप रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर गरम पाणी भरून पुन्हा बघा. तापल्यावर धातू आणि वॉशर वेगवेगळे फुगतात आणि लपलेली गळती तेव्हा दिसते.

वापर झाल्यावर लगेच गरम पाणी सोडा आणि सोडता सोडता दांडा अर्ध्यावर, ४५ अंशांत धरा. या स्थितीत पाणी गोळ्याभोवतीच्या पोकळीतही शिरतं. बेसॉल्टच्या खडकातून येणारं आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार गोळ्यावर पांढरे साचतात आणि दांडा जड होतो. दुकानात लिंबाचं फूल म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात घालून अर्धा तास कॉकात राहू द्या, क्षार सुटतात. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं द्रावण स्टीलच्या कॉकात मुरत ठेवू नका. क्लोरीन स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर फोडतं आणि स्टीलला बारीक खड्डे पडतात. आंबवण्याच्या भांड्याचा थ्री-पीस कॉक प्रत्येक घाण्यानंतर पूर्ण उघडून धुवा. रस किंवा सरबत विकणार असाल, तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या आणि गाड्यावरच्या पिंपाचा कॉक रोज रात्री सुटा करा.

सध्या घरात किंवा गाड्यावर आंबट पदार्थाच्या पिंपाला पितळेचा, गनमेटलचा किंवा मुलामा दिलेला कॉक लागलेला असेल, तर तो आजच काढा. स्टीलचा घेण्याइतके पैसे हाताशी नसतील, तर तोवर खाद्यपदार्थासाठीची प्लास्टिकची तोटी लावा. थंड पेयाला ती पूर्ण सुरक्षित आहे.